डबा एकटाच वर जातो

मंगळवारी उद्यमबागेतून गाडी येते.
भरमाण्णा मोदगेकर फाटकाशी उभे, काखेत रजिस्टर.
"टोपी हाय काय रे सगळ्यांच्या डोस्क्यावर?"
टोपीशिवाय एकही सिलिंडर
ते फळीवरून उतरू देत नसत.
करडा, काळ्या खांद्याचा, तो नायट्रोजन.
काळा, पांढऱ्या खांद्याचा, ऑक्सिजन.
लाल तो हायड्रोजन, त्याचे आटे उलटे.
"डावरा हाय गे तो. जोर लावलास तर रुसतोय."

मी तेव्हा नवी.
खासबागेतल्या मागांच्या खडखडाटातून आलेली,
वेणीला खोबरेल चोपडलेलं.
पहिल्याच दिवशी त्यांनी मला बेसिनकडे पिटाळलं.
"तेलकट हातानं ऑक्सिजनला शिवायचं नाही."
मी रागारागानं साबण संपवला.
संध्याकाळी कुलूप लावताना त्यांची बाही वर सरकली:
कोपरापासून मनगटापर्यंत
गुळगुळीत, चकाकणारी, एकही केस नसलेली कातडी.
"फाउंड्रीत होतो अगोदर.
रेग्युलेटरला ग्रीस लावल्यालं कुणीतरी,
सोपं फिरावं म्हणून."
कुणी, ते कधीच सांगितलं नाही.

साखळ्या दोन. एक छातीशी, एक गुडघ्याच्या वर.
"मारका बैल कसा बांधतोय तुझा बा?"
आमच्याकडे बैल नव्हता, चार माग होते.
मी तरी मान हलवली.
गळतीची फूस मला ऐकूच यायची नाही,
कान मागांनीच खाल्लेले.
त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला, जोडावर लावला.
एक बुडबुडा फुगला, मोठा झाला, थरथरला.
"कानानं नको. हे बघ."

द्रव नायट्रोजनचं प्रकरण वेगळं.
त्याला रंग नाही, वास नाही,
तो चोर नाही की दरोडेखोर नाही,
आपण श्वासात घेतो त्यातला बराचसा तोच.
फक्त एका लिटराचा सातशे लिटर होतो
आणि बंद खोलीत शांतपणे
दुसऱ्याची जागा घेतो.
म्हणून हातमोजे सैल, झटकले की पडावेत.
पँट बुटाच्या बाहेर. झाकण कधी दाबून नाही.
आणि लिफ्टमधून डबा एकटाच वर जातो.
खाली भरमाण्णा बटण दाबत,
तिसऱ्या मजल्यावर मी, जिन्यानं धापा टाकत.

पाटी लिहायची होती: माणूस नको.
ऑफिसात दोन दिवस चर्चा, वरची ओळ कानडी की मराठी.
भरमाण्णांनी खडूनं एक माणूस काढला,
त्याच्यावर फुली मारली, पाटी डब्याला अडकवली.
माणसाला मिशा होत्या, अगदी त्यांच्यासारख्या.

एकदा वीज गेली.
डबा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे लटकलेला.
हिरेमठ सर म्हणाले, "आत कोणी नाही ना? मग जेवायला चला की."
भरमाण्णा हलले नाहीत.
दुसऱ्यावर ते, तिसऱ्यावर मी,
पाऊण तास दारांची राखण.
वीज आली, दार सरकलं,
पांढरं धुकं उंबऱ्यावरून माझ्या चपलांवर सांडलं,
इतकं सुंदर की मी वाकले.
मागून माझी ओढणी खेचली गेली.
ते जिना चढून आले होते, श्वास लागलेला.
"थांब. धुकं दिसतंय ते पाण्याचं.
मारणारं दिसत नाही."
मग खिडक्या उघडून त्यांनी शंभर मोजले,
कानडीत. तिसरीपर्यंत शाळा कानडी होती म्हणे,
आकडे तिथलेच राहिले.

आता रजिस्टर माझ्या काखेत.
पाटीवरच्या मिशा पुसट झाल्या, मी दर जूनमध्ये गिरवते.
नवा पोरगा विचारतो, "मॅडम, घड्याळ लावू काय?"
नको.
ओंदु. एरडू. मूरू.
अरवत्तेंटच्या पुढे मला नेहमी चुकतं.
मग परत पहिल्यापासून,
दार उघडंच ठेवून.