पुढचा भाग शेजारच्या शीटवर

पाटबंधारे खात्यात मी अनुरेखक होतो, एकतीस वर्षं.
काम एवढंच : जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं,
कोपऱ्यांना पितळी टाचण्या,
रूलिंग पेनात निळी शाई भरायची
आणि मांजरा पुन्हा काढायची.

गवळवाडीपाशी ती केसाएवढी.
इथं श्वास धरून काढ, बिराजदार साहेब म्हणायचे,
इथं ती अजून नदी नाही,
बालाघाटाच्या अंगावरची ओल आहे.
पुढं डावीकडं बीड, उजवीकडं धाराशिव,
मधली हद्द म्हणजे तीच.
तिथं निळ्याला लागून काळी तुटक रेघ,
पण दोघींचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये.

धनेगावला शाई फुगते.
तलावात पाणी कुठवर, हे दर साली वेगळं,
नकाशात मात्र तो भरलेलाच दाखवायचा.
ज्या उन्हाळ्यात नळाला तेराव्या दिवशी पाणी येई
तेव्हाही मी रांगेत घागर ठेवून ऑफिसात आलो
आणि धनेगाव काठोकाठ निळं केलं.

पठार एवढं सपाट
की हजार पावलांत जेमतेम हातभर उतरते ती.
घाई कुठून यावी?
काळ्या रानांना वळसे घालत,
एखाद्या बाभळीसाठीही वाट सोडत.
रेणा येते, तावरजा येते, घरणी येते,
औरादपाशी तेरणा येते,
आणि शीट संपते.

कडेला बोरूच्या अक्षरात लिहायचं :
पुढचा भाग शेजारच्या शीटवर.
शेजारची शीट आमच्या कपाटात नव्हती.
ती बीदरची, त्यापुढची हैदराबादची.

तीन खण खाली, बिलोलीच्या शीटवर
ती पुन्हा सापडली.
पण खालून वर येणारी.
पूर्वेला गेलेली नदी दक्षिणेकडून कशी येईल?
कुणीतरी बाण उलटा काढलाय, असं समजून
मी तो ब्लेडनं खरवडला.
साहेबांनी शीट परत पाठवली :
बाण होता तिथं, होता तसा.
शेजारच्या टेबलावरचा वैजनाथ हसून म्हणाला,
माहेरची ओढ, दुसरं काय.
साहेब चष्मा पुसत होते.
नदीला माहेर नसतं, म्हणाले. उतार असतो.

मधल्या त्या मोठ्या वळणाबद्दल
पुढं कधी कुणी काही बोललं नाही.

निवृत्तीनंतर घर बांधायला काढलं.
लातूरच्या मांजरेत गाळ मिळतो, वाळू नाही,
आपला काळा दगड झिजला की मातीच होतो.
खदीर मिस्त्रीनं येसगीहून ट्रक मागवला.
पहाटे दारात ढीग पडला, ओला, तांबूस,
ज्वारीच्या कण्यांएवढे चमकते खडे.
कुठल्या नदीची, विचारलं.
मांजरेचीच की, खदीर चाळण हलवत म्हणाला,
तिकडं तिला वेगळा दगड लागतो.

मी मूठ भरून घेतली.
इथून काळी माती घेऊन गेलेली,
कन्नड मुलखातून, तेलुगू मुलखातून,
मी कधीच न काढलेल्या त्या वळणातून
काय काय झिजवत आलेली,
आणि आता ट्रकात बसून, उताराच्या विरुद्ध,
लातुरात.
चाळणीत तीन शंख उरले होते, नखाएवढे.
खदीर ते फेकणार होता.

आमच्या भिंतींचा गिलावा
त्या शीटचा आहे, जी कपाटात नव्हती.

आता पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते.
पोरं म्हणतात, वॉटरप्रूफिंग करून घ्या.
मी खुर्ची ओढून बसतो :
खिडकीच्या वर केसाएवढी निघते,
विजेच्या बटनापाशी जरा फुगते,
सावकाश उजवीकडं वळते,
कपाटामागं जाते.
कपाट जड आहे.
मी ते सरकवलेलं नाही.