राव

आमच्या कोंकणीत राव म्हणजे थांब.
हे जोतीला पहिल्याच दिवशी सांगावं लागलं,
साखळीच्या बाजारात, पातळभाजीच्या गाड्यापाशी,
कारण मी ‘राव रे’ म्हटल्यावर
हा आजऱ्याचा पोरगा लाजला होता:
मला कसलं राव म्हणताय दादा,
मी साधा हसुरकर.

मग दोन हंगाम
माझ्या मागच्या चाकाला चिकटून तो हा शब्द शिकला.
समोरून वारा आला की, राव.
दुसऱ्या संघातला कोणी उगाच सुटला
तर राव, जाऊ दे त्याला,
दुपारपर्यंत येतो वितळून परत.
पाणी पी. खा काहीतरी. राव.
एवढ्याशा शब्दात माझी बारा वर्षं होती
आणि दोनदा मोडलेलं गळ्याचं हाड.

चौथा टप्पा. केरी मागे पडलं.
अंजुण्याचं धरण खाली राहिलं,
वाटीतल्या पेजेसारखं निवांत.
पिवळी जर्सी माझ्या अंगावर,
सतरा सेकंदांची उसनी श्रीमंती.
घोळक्यातले उरलो नऊ, मग सहा.
तिसऱ्या वळणावर इनास संपला;
शेवटची बाटली माझ्या हातात कोंबून
बस चुकलेल्या माणसासारखा कडेला उभा राहिला.
पुढे फक्त जोती,
माझ्यासाठी चढ मोजून देत.

मी त्याची पोटरी बघत होतो.
घाटात पुढच्याची पोटरी हेच सगळं जग असतं.
तिच्यावर सायलेन्सरला भाजल्याचा जुना डाग,
आणि त्या डागाखाली
काहीच धडपडत नव्हतं.
माझ्या कानात माझाच श्वास,
फुटक्या भात्यासारखा,
आणि त्याचा मला ऐकूच येईना.
तेव्हा कळलं.
त्यालाही कळलं असावं, कारण त्याने वळून पाहिलं,
पाहू नये तितका वेळ पाहिलं.

“दादा, जाऊ?”

मी म्हटलं, राव.

स्पष्ट म्हटलं. मागे व्हॅनमध्ये
कायतान मेकॅनिकने रेडिओवर ऐकलं.
फोंडेकर सरांनीही ऐकलं,
आणि मग ऐकलं नाही असं ठरवलं.

जोती पेडलवर उभा राहिला
आणि गेला.

काजूच्या मोहोराआड, तांबड्या दरडीआड,
आधी तो डाग, मग पाठीवरचा नंबर,
मग वरच्या वळणावरून खाली येणारा
लोकांचा नुसता ओरडा,
जो माझ्यासाठी नव्हता.

सुर्ल्याच्या पठारावर मी सहावा.
एक मिनिट चार सेकंद.
शिव्या तयार होत्या, कोंकणीतल्याच,
बिंबलाच्या लोणच्यासारख्या मुरलेल्या.
तो पत्रकारांना सांगत होता:
“दादांनीच पाठवलं. मला राव म्हणाले ते.
एवढा मान दिल्यावर मागे कसा राहणार?”
सगळे हसले. मला फोटोत ओढलं.
मोठ्या मनाचा कर्णधार, असं कोणी म्हणालं,
आणि मी मोठ्या मनाने घाम पुसला.

रात्री लॉजवर तो दार न वाजवता आला.
पिवळी जर्सी घडी करून हातात,
परत द्यायला आणल्यासारखी.
“दादा, मला ऐकू आलं होतं.”
“काय?”
“कोंकणी.”

खिडकीखाली वाळवंटीचं पाणी तेवढं बोलत राहिलं.
त्याला माफ केलं असं नाही.
उद्याचा नकाशा पलंगावर पसरला, इतकंच.
शिवोलीनंतर खाडीचा आडवा वारा,
रस्ता अरुंद, सगळे तुझ्यावर तुटून पडतील.
तिथे काय करशील?
तो नकाशाकडे बघत राहिला.
मग कबूल केलं त्याने: ठाऊक नाही.

सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा
मी व्हॅनमागे बसून बाटल्या भरल्या.
त्याच्या दोन, इनासच्या दोन, वरच्या चार.
जर्सीत पाठीशी खोचल्या.
विसरूनच गेलो होतो इतक्या वर्षांत,
भरलेल्या बाटल्या पाठीला
किती गार लागतात.