कासरा

होडी आली टेम्पोतून, कांद्याच्या गोण्यांवर पालथी.
दहा फुटी, प्लायवूडची, एका कुशीला ठिगळ.
दिलावर मिस्त्रीनं टकटक करून पाहिलं, म्हणाला,
'दाराला नसतं लावलं मी हे. पाण्याला चालेल.'

शीड मी शिवलं.
पैठणात ताडपत्र्या शिवतो मी, कापसाच्या गाड्यांवरच्या.
तीस वर्षं वारा बाहेर ठेवायचं काम,
आता पहिल्यांदाच आत घ्यायचा होता.

शिकवायला मिस्त्रीची भाची, मेहरून,
एनसीसीच्या कॅम्पात दहा दिवस शिकलेली.
म्हणाली, ह्या दोरीला शीट म्हणतात.
मिस्त्री म्हणाला, कासरा म्हण की सरळ.
तेव्हापासून कासरा.
ढिला सोडला की शीड मान टाकतं,
खेचला की अख्खी होडी कुशीवर.

वारा मला ठाऊक आहे असं वाटायचं.
लहानपणी वावडीवर उभा राहून पाटी हलवायचो,
ज्वारी पायाशी, भुसकट खळ्याबाहेर.
तिथं वारा माझ्याकडे यायचा.
इथं मला त्याच्याकडे जायचं होतं
आणि सरळ जाता येत नाही.
तिरकं जा, वळ, पुन्हा तिरकं,
दारूड्यानं औत हाकल्यासारखं.

'मान खाली!' मेहरून ओरडली.
आडवा बांबू डोक्यावरून गेला, टोपी घेऊन गेला.
दुसऱ्या खेपेला आम्हाला घेऊन गेला.
चष्मा अजून नाथसागरातच आहे.

एप्रिलात काठ रोज थोडा लांब जातो.
होडी चौघांनी उचलायची,
गाळपेरीच्या टरबुजांमधून, वेल न तुडवता.
आसाराम आधी शिव्या देतो,
मग एक कोपरा स्वतःच धरतो.
एकदा म्हणाला, मला बसवा.

बसला. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून.
मधोमध होतो तेव्हा वारा पडला.
शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबलं.
वल्हं काठावर राहिलंय, हे मी बोललो नाही.
इतकं गप्प, की धरणाच्या भिंतीवरची
मोटारसायकल गिअर बदलताना ऐकू आली.

आसारामनं बोट ओलं करून वर धरलं,
बराच वेळ.
'येतोय,' म्हणाला. 'मावळतीचा.'

काहीच हललं नाही.
मग लांब पाण्यावर एक काळसर सुरकुती उठली,
आमच्याकडे तोंड करून.
मी कासरा त्याच्या हातात दिला.
'ओढू?'
'ओढू नको. नुसता धर.'