पंधरा

प्रतापनगरच्या यार्डामागे, रेल्वेच्या जुन्या गोदामात
आमची शाळा भरायची. चार खोल्या.
पंखा फक्त तिसरीत, म्हणून ती खोली
सगळ्या वर्गांना आळीपाळीने.

शनिवारी कुलूप.
रविवारी आम्ही गणवेशात, पाठीवर दप्तर,
आणि गाठियाच्या दुकानातला रमणिककाका
दर रविवारी नव्याने चकित :
"अल्या, आजे तो रविवार छे!"
आम्हीही नव्याने हसायचो.
काही विनोद हप्त्याहप्त्यानेच फेडायचे असतात.

पहिला तास आरोन मास्तरांचा.
लोकोशेडमधून फिटर म्हणून निवृत्त. पेरांमधलं काळं वंगण
कुठल्याच सणाला निघालं नाही.
त्याच बोटाने ते उजवीकडून डावीकडे जायचे
अक्षरावरून अक्षरावर, बोल्ट तपासल्यासारखे.
आलेफ एक. बेथ दोन.
"आपल्यात आकडे वेगळे नाहीत रे,
अक्षरंच मोजतात."
योद दहा. मग अकरा, बारा, तेरा, चौदा सरळ,
आणि पंधराला गाडी रूळ बदलायची.
दहा आणि पाच शेजारी बसले
की देवाचं नाव सुरू होतं.
म्हणून पंधरा लिहायचा नऊ नि सहा.
सोळा, नऊ नि सात.
सतरापासून पुन्हा आपल्या रुळावर.

दुसरा तास धनसुखलाल सरांचा, गणिताचा.
पंधराची एकक-दशकात फोड करा.
मी लिहिलं : नऊ आणि सहा.
लाल फुली. "दशक क्यां गयो, पनीना?"
दशक आहे सर, पण लिहायचा नाही.
देवाचं नाव होतं.

सरांनी वर्गाकडे पाहिलं, कोणीतरी हसेल म्हणून.
कोणी हसलं नाही.
योखेबेदने उलट मान हलवली, बरोबर आहे अशी.

मधल्या सुट्टीत दोघे मास्तर
पाण्याच्या टाकीपाशी उभे होते, घंटा होऊन गेली तरी.
टाकीच्या ओल्या भिंतीवर
आरोन मास्तर बोटाने काही लिहीत होते,
ते वाळत होतं, पुन्हा लिहीत होते.
सर परत आले. माझी वही मागितली.
"उत्तर चूक छे. फुली राहील."
मग थोडं थांबून,
"पण लहान करतो."
आणि खरंच, खोडून, लहान केली.

पुढे भूगोलाच्या पुस्तकात नसलेली गावं
हजेरीपुस्तकात शिरली.
दिमोना. लोद. अश्दोद.
नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ,
शेजारी गावाचं नाव.
एकेचाळीस होतो. तेहतीस झालो.
योखेबेद गेली तेव्हा तिची कंपासपेटी
माझ्याकडे राहिली, कर्कटकाविना.
"दहा पुरुष जमले की प्रार्थना उभी राहते,"
आरोन मास्तर म्हणाले,
"शाळेला किती लागतात
ते कुठे लिहून ठेवलेलं नाही."

शेवटच्या दिवशी मलिदा होता.
पोहे, गूळ, खोबरं, प्रत्येकाला एक खजूर.
धनसुखलाल सर सवयीने फळ्याच्या कोपऱ्यात गेले.
आज हजर :
इथे खडू थांबला. खूप वेळ.
आम्ही स्वतःलाच मोजू लागलो.
सरांनी पाठ न वळवता लिहिलं
९ + ६.

दारात आरोन मास्तर, हातात ताट.
काही बोलले नाहीत. एक खजूर उरला होता,
तो टेबलावर ठेवला आणि गेले.

मी इथेच राहिले. वीज मंडळात बिलं काढते.
पंधरा तारखेला १५ च टाइप करते,
मशीन दुसरं काही घेत नाही.
रविवारी गाठिया आणायला जाते.
रमणिककाकाचा मुलगा मान वर न करता विचारतो, केटला?
सो ग्राम.

शंभराला काही अडचण नाही, मास्तर.
कोफ.
एकच अक्षर लागतं.