जॉब रांगेत आहे

आईने विचारलं, जॉबचं काय झालं?
मी म्हटलं, रांगेत आहे.

मी बोलत होतो दुपारी क्लस्टरवर टाकलेल्या जॉबबद्दल:
ठाण्याच्या खाडीतला गाळ,
पन्नास मीटरचा एकेक चौकोन,
दहा वर्षांच्या भरत्या आणि ओहोट्या.
कलिन्याच्या त्या यंत्रावर
माझ्यापुढे चारशे बारा जण.

रात्री दोनला तो सुरू झाला.
मी मोठ्याने म्हणालो, झाला एकदाचा सुरू.
सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर
बातमी कारखानीस काकूंकडे गेली,
आणि दहाच्या आत टिळकनगरच्या आमच्या जिन्यात
दोघांनी पेढे मागितले.

त्यांना कसं सांगू,
एक जॉब मी यंत्राला देतो,
दुसरा मला कोणी देत नाही.

जाहिरात चार पानी, जागा एक.
मुदत अकरा महिने किंवा प्रकल्प संपेपर्यंत,
यांपैकी जे आधी घडेल ते.
भौतिकशास्त्रवाले म्हणतात, तुम्ही भूशास्त्राचे.
भूशास्त्रवाले विचारतात, फील्डवर किती दिवस काढलेत?
संगणकवाले हसतात, चहा देतात.
वयाची अट बत्तीस.
अर्ज भरला तेव्हा मी एकतीसचा होतो,
मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा तेहतीसचा.

इशरत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.
पाण्यात मीठ विरघळताना नेमकं काय होतं,
त्यावर तिची पाच वर्षं गेली.
आता बीकेसीत, अकराव्या मजल्यावर,
जवळपास त्याच समीकरणांनी
कोण कर्ज बुडवेल ते काढते.
मीठ काय, माणूस काय, म्हणाली,
विरघळण्याआधी सारखंच थरथरतं.
तुझा सीव्ही पाठव.

पाठवला नाही.
का, ते नीट सांगता येत नाही.
एक चौकोन आहे, ओळ एकशे एकोणीस,
माहुलच्या जेट्टीपासून जरा आत.
मॉडेल म्हणतं, इथे गाळ टिकणार नाही.
किनाऱ्याचे आकडे बदलून पाहिले,
वारा बदलून पाहिला,
दर वेळी तेच : टिकणार नाही.
गेल्या रविवारी ओहोटीला तिथे गेलो,
गुडघ्यापर्यंत रुतलो,
एक चप्पल अजून तिथेच आहे.

हे सगळं आईला एका दमात सांगितलं.
ती एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती,
त्यातली पहिली बारा ट्रंकच्या बोर्डावर.
अळूचे देठ सोलता सोलता म्हणाली,
सांगलीचा कॉल लागायला तेव्हा सहा तास.
लोक दर अर्ध्या तासाने विचारायचे.
मी सांगायचे, रांगेत आहे.

खरंच असायचा?

कधी कधी लाइनच तुटलेली असायची.

तिने देठ पाण्यात टाकले,
बोटांची खाज चिंचेने पुसली.

मग तसं का सांगायचीस?

अरे, लाइनमन निघालेला असायचा ना.