तीन युनिट

भाकरवडीची कड होती, दगड नव्हता.
तरी वरचा पुढचा दात हातात आला
आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर
माझा त वाऱ्यावर गेला.

'त तलवारीचा' म्हटलं
तर शिट्टी वाजली.
दुसरीत सात मुलं, शाळेत मिळून एकेचाळीस.
सातांतल्या पाचांचे पुढचे पडलेलेच,
तीही थ-द-ध म्हणताना फुसफुसत होती,
त्यामुळे कुणी हसलं नाही.
फक्त कृपा इंगळे बाकावर उभी राहिली:
'बाई, उंदराला दिला का?'

दिला नव्हता.
कंपासपेटीत पडून होता,
खडूच्या तुकड्यांत, खडूहून पिवळा.

दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावर,
डॉक्टर केयूर पारेख आरसा धरून म्हणाले,
'बेन, पूल बांधू.
हा घासायचा, हा घासायचा,
दोघांवर टोप्या, मध्ये नवा.
तीन युनिट.'
मी म्हटलं, 'पण हे दोघे तर चांगले आहेत.'
'चांगले आहेत म्हणूनच,' ते म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षा अडकली.
कठड्याला माणसं वाकलेली.
खाली विश्वामित्रीच्या गाळावर मगर,
जबडा उघडा टाकून, जणू तीही खुर्चीत.
'एने तो पडे एटला पाछा आवे,'
रिक्षावाला म्हणाला, थोडा हेव्यानं.
मुलांचे एकदा येतात.
हिचे हवे तितक्यांदा.
माझा अठरा हजारांत, दोन हप्त्यांनी.

हिरडी बसायला तीन महिने गेले.
मग घासणं. दुखलं नाही, बधिर होतं,
वास तेवढा आला, खूर जाळल्यासारखा.
मी छताच्या पंख्याकडे बघत
तिसरीचा विचार करत होते.
तिसरीला बाई नाहीत.
मोहिते बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही,
दुसरीची मी आणि चौथीचे माने सर
मधला वर्ग खांद्यावर घेऊन चालवतो
दोन वर्षं झाली.
आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही चांगले होतो.

हेतलनं खिडकीशी नेऊन रंग जुळवला,
ओळीनं लावलेले नमुने, साबुदाण्यापासून चहापर्यंत.
'सगळ्यात पांढरा द्या,' मी म्हटलं.
'नको माशी, शेजारचे उघडे पडतील.'

शेवटच्या दिवशी निळा कागद.
चावा. घासा. परत चावा.
मग रोज रात्री करायचं काम समजावलं:
जाड सुईतून दोरा ओवायचा
आणि मधल्याच्या पोटाखालून काढायचा,
कारण तो हिरडीला टेकतो, रुजत नाही.
मूळ नसलेल्याची
निगा जास्त.

सोमवारी फळ्यावर पुन्हा त.
तलवार म्यानातून निघावी तसा निघाला,
मलाच दचकायला झालं.
जीभ मात्र अजून जाऊन जाऊन बघत होती,
घर विकल्यावर जुन्या गल्लीत जातात तशी.

मधल्या सुट्टीत कृपा जवळ आली.
तिचा अर्धा वर आलेला,
करवतीसारखी कड, कुठेच न झिजलेली.
माझ्या तोंडात वाकून बघितलं,
डबा तसाच उघडा, मेथीचं थेपलं हातात.
'बाई, तुमचा पण आला?'

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.
'आला नाही गं. आणला.'
'कुठून?'
'दांडिया बाजारातून.'
तिनं मान हलवली,
दात तिथेच मिळत असणार अशा भरवशानं,
आणि नवा दात वापरून थेपलं तोडलं.

घंटा झाली.
आज तिसरी माझ्याकडे होती.
मुलांना ध गिरवायला दिला, पाच ओळी,
दार उघडं ठेवलं,
आणि शेजारच्या खोलीत गेले.