डावा चोर

मेण चढवून, काजळी धरून
गोमार तांब्याचा पत्रा काळा करतो
आणि सुईने त्यावर उजेड कोरत बसतो.
उलटंच आहे सगळं या धंद्यात :
सुई जिथं चमकली तिथं उद्या अंधार,
हात जिथं लावलाच नाही
तिथं प्रभूचं तेज.

तीन क्रूस. मधला जरा तिरका,
शिडी थेट वरच्या कोपऱ्यातून खाली उतरलेली,
तिच्या पायाशी कुत्रं, कुत्र्यापाशी कवटी.
आदमची, म्हणे.
विझलेला कंदील कुणाचा, मी विचारलं नाही.

आम्लात पत्रा बुडाला की
उतू जाणाऱ्या दुधावर असावा तसा त्याचा डोळा.
कोंबडीच्या पिसाने बुडबुडे हाकतो.

मी दिम्फ्ना. माझं काम पुसायचं.
आधी कापडाने, मग खडू लावलेल्या तळहाताने.
प्रभूच्या बरगड्या
मला हाताने पाठ आहेत.

पाच आठवड्यांनी पहिला छाप सोलला.
पाद्री लिव्हन तो खिडकीशी घेऊन गेले,
शेल्ड नदीवरच्या राखी उजेडात.
बराच वेळ नुसते खोकत राहिले.
'पश्चात्ताप झालेला चोर
प्रभूच्या उजव्या हाताला असतो, गोमार.
तू त्याला डावललास.'

कागदावर सगळं उलटं उतरतं
हे गोमार विसरला! तीस वर्षं हेच करणारा गोमार.

रात्री त्याने पत्रा ऐरणीवर पालथा घातला,
दोन डोक्यांच्या मागे हलके हलके हातोडी.
मग खरवडणं, घोटणं, पुन्हा सुई.
प्रभूकडे बघणाऱ्याची मान फिरवली,
पाठ फिरवलेल्याला वळवून आणलं.
सूर्य-चंद्र राहिले चुकीच्याच बाजूंना.
पाद्रीबाबांना ते दिसलं नाही,
आम्ही सांगितलं नाही.

आता चर्चसाठी छापते ते छाप
स्वच्छ पुसते, तळहात घासून.
बाजारासाठीचे मात्र
जरा हलक्या हाताने.
शाईचा पातळ पदर राहतो,
आणि फिरवलेल्या मानेमागे, केसांत,
जुना चेहरा वर येतो,
अजून तिकडेच बघणारा.

परवा मासळीवाली मारीकन
छाप नाकाशी धरून म्हणाली,
'याला दोन तोंडं कशी गं?'

शाई जास्त झाली असेल, मी म्हटलं.
दुसरा देऊ का?

नको म्हणाली.
ओल्या हातांनीच गुंडाळून घेतला.